एकच हाक

ताई : हात वर घे. अजून थोडा. दुखतंय?

बाळ्या : नुसतं खरचटलंय गं. त्या मुलीचं काय म्हणाले डॉक्टर, ते सांग.

ताई : मनगट मोडलंय बहुतेक. एक्स-रे काढल्याशिवाय नक्की कळणार नाही. शेजारच्या खोलीत झोपवलंय, आधाराला पट्टी बांधलीये. गाडी येतेय.

बाळ्या : रडतेय?

ताई : ती नाही, तिची आई रडतेय. ती एकच विचारत होती, व्हीलचेअरचं चाक वाकलं का म्हणून.

बाळ्या : वाकलं?

ताई : हं. बाळ्या, मला एवढंच सांग, तू तिच्या लेनमध्ये गेलास कसा?

बाळ्या : चुकलो.

ताई : चुकलो म्हणजे काय? तीन वर्षं मी समोर उभी राहून हाका मारतेय आणि तू माझ्या आवाजावर धावतोयस. वारा असू दे, अंगात ताप असू दे, तू कधी वीतभरही इकडेतिकडे गेला नाहीस. आणि आज कुणी दावं लावून ओढल्यासारखा डावीकडे गेलास.

बाळ्या : पाय घसरला.

ताई : घसरलेला माणूस पडतो. तू वळलास आणि वळल्यावर वेग वाढवलास. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे पायच बघते. निदान मला तरी असं काही सांगू नकोस.

बाळ्या : मग तूच ठरव काय झालं ते.

ताई : ठरवलंय. मंडपाकडे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, म्हणून मी क्षणभर मान वळवली. तेवढ्यात माझी हाक तुटली असणार.

बाळ्या : तुटली नव्हती. मला शेवटपर्यंत येत होती.

ताई : तरी मी तसंच सांगणार आहे. स्पर्धेचे अध्यक्ष बाहेर थांबलेत. दुपारची मिश्र रिले रद्द करा म्हणताहेत. पुढच्या वर्षीपासून व्हीलचेअरवाले वेगळे, न दिसणारे वेगळे, बाकीचे वेगळे, आणि तेही निरनिराळ्या दिवशी. ‘सगळे एकाच शर्यतीत, हा तुमचाच हट्ट होता ना?’ असं चारचौघांत म्हणाले मला.

बाळ्या : तू काय म्हणालीस?

ताई : काय म्हणणार? हाक मारणारी चुकली तर माणूस बदलता येतो. पण धावणाऱ्याचाच भरवसा नाही असं ठरलं, तर शर्यतच बंद होते. म्हणून चूक माझी.

बाळ्या : मग पुढच्या वर्षी तू काय करणार?

ताई : पाण्याच्या बाटल्या वाटेन.

बाळ्या : पाणी पिणाऱ्यांना पाठ सरळ ठेवायला लावशील तू. ताई, खोटं नको सांगूस.

ताई : मग खरं काय ते दे मला.

(दार ढकलून आई आत येते. तिचा आवाज घोगरा झाला आहे.)

आई : कुठेय? बघू. रक्त आलंय की रे.

ताई : आई? तू कधी आलीस?

आई : शर्यत सुरू व्हायच्या तोंडावर. फाटकाबाहेर उभी होते कितीतरी वेळ, आत यायचा धीर होईना. हा दरवर्षी बोलावतो आणि मी दरवर्षी कपडे वाळत घालायचं निमित्त काढते. पोर पडलेलं आपल्याने बघवणार नाही, म्हणून. आज म्हटलं, बघायचंच.

ताई : बसलीस कुठे?

आई : बसायला मिळतंय कुठे? डाव्या कठड्याशी उभी राहिले. आणि काय गं ही माणसं, सगळी चिडीचूप. पोरं जिवाच्या आकांताने धावताहेत आणि एकाच्या तोंडून शब्द फुटेना. मग मीच...

बाळ्या : आई, पाणी आहे का तुझ्याकडे?

आई : आहे ना, घे. मलाही ठेव घोटभर, घसा बसलाय.

ताई : मग तूच काय?

बाळ्या : ताई, राहू दे.

आई : राहू दे काय? ओरडले की मी. ‘बाळ्या, मी आलेय, बाळ्या’ म्हणून. शेजारचे दोघं डोळे वटारून बघायला लागले. म्हटलं बघा, माझं पोर आहे ते. का गं, काय झालं?

बाळ्या : काही नाही. पाय घसरला माझा, म्हणून ताई चिडलीये.

ताई : शांत राहायला सांगितलं होतं, आई. ध्वनिक्षेपकावरून.

आई : मी बाहेर असेन तेव्हा. आणि शर्यतीत शांत कशाला बसायचं?

बाळ्या : पाहुणे आलेत मोठे. त्यांना गोंगाट चालत नाही.

आई : खोटं बोलताना नाक ओढतोस तू, लहानपणापासून. ताई, तू सांग.

ताई : तो आवाजाच्या दिशेने धावतो. म्हणून मैदानात हाक एकाच माणसाची. बाकी सगळ्यांनी गप्प राहायचं.

बाळ्या : मला तुझा आवाज आलाच नाही, आई.

आई : जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते ओळखतोस. आणि घसा बसेपर्यंत ओरडले ते आलं नाही?

बाळ्या : ही घे तुझी बाटली, आई.

आई : समोर ताईची हाक होती ना रे? मग कशाला वळलास?

बाळ्या : तू कधी येत नाहीस ना. मला वाटलं, घरी काही झालं.

ताई : आई, बस जरा. तुझी चूक नाही यात. उशिरा येणाऱ्याला सांगायला फाटकावर माणूस ठेवायला हवा होता, तो मी ठेवला नाही. अध्यक्षांना सांगते, प्रेक्षकांतून हाक आली. कुणाची ते सांगत नाही.

बाळ्या : तेवढ्यावर रिले होऊ देतील?

ताई : माहीत नाही.

आई : त्या मुलीजवळ कोण आहे?

ताई : तिची आई. शेजारच्याच खोलीत.

बाळ्या : थांब आई, मी येतो बरोबर.

आई : नको. तू असलास की मला खरं बोलू देणार नाहीस.