शुक्रवारी चावी फिरवली

हसू नका, पण तीन वर्षं खपून मी जुन्या अमेरिकन गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन जिवंत केलं आणि त्याचा आवाजच मला धड ऐकू येईना. आमच्या कामतघर वस्तीत चारी बाजूंना कापड विणणाऱ्या लूमची खडखड! शेवटी शुक्रवारी, लूमची सुट्टी बघून, चावी फिरवली. काय गुरगुरली राव! अंगावर काटाच आला.

तेवढ्यात शेजारचे लूम-फिटर सलीमचाचा लुंगी सावरत धावत आले. "छुट्टी के दिन लूम किसने चालू किया?"

मी ऐटीत बोनेटवर थाप मारली. "चाचा, लूम न्हाय, गाडी हाय!"

चाचांनी बोनेटला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, ऐसा आवाज करे तो हम लूम भी भंगार में देते हैं."