नांदेडवाल्याची रेघ

वीरण्णा : खरं सांग अण्णाराव, कुणाकडं नेलं होतंस हे बॉनेट?

अण्णाराव : कुणाकडं न्हाई बाबा. तडा गेलाय, तेवढा भर. परवा औशाहून तूर भरायची हाय मला.

वीरण्णा : तेवढा भर म्हणं! तुझ्या म्हाताऱ्या ट्रकचा पत्रा सडून गळाला, तवा ह्याच अंगणात मी हे फायबरचं बॉनेट घडवलं. दहा वर्सं झाली. ह्याची नस अन् नस मला ठाऊक हाय. ह्या डाव्या अंगाला परका हात लागलाय. नाव सांग.

अण्णाराव : शिवम म्हणून पोरगं हाय. नांदेडचं.

वीरण्णा : त्यो स्प्रेवाला?

अण्णाराव : हाव.

वीरण्णा : गौरम्मा! ए गौरम्मा! बाहीर ये. बघ तुझ्या भावजींची करणी. नांदेडात तोंड काळं करून आलेत!

गौरम्मा : अय्यो, गल्ली गोळा करता का आता? चहा घ्या हो भावजी. ह्यांचं रोजचंच हाय. उठलं की नांदेड, बसलं की नांदेड. मला सवत असती तरी माझी एवढी आग झाली नसती, जेवढी ह्यांची त्या पोरापायी होते.

वीरण्णा : होणारच! जळतो मी, हाव, जळतो. लपवायचं कशाला? त्यानं दुकान टाकलं आन माझं अंगण रिकामं पडलं. औशाचा टेंपोवाला वैजनाथ तिकडं गेला. किल्लारीचे जीपवाले गेले. वर्सभरात कुणी फिरकलं न्हाई. म्हणलं जाऊ दे, अण्णाराव तर हाय. आन तूच निघालास!

अण्णाराव : माझं ऐकून तरी घे. धर्माबादहून मिरची भरून येऊन राहिलो होतो. नांदेडच्या अलीकडं उसाची ट्रॉली मागं सरकली आन धडकली. बॉनेट दुभंगलं. जवळ होता त्याच्याकडं नेलं.

वीरण्णा : दोरीनं बांधून आणायचं लातूरला.

अण्णाराव : दीडशे किलोमीटर? फडफड वाजवत?

वीरण्णा : वाजू द्यायचं! बायको माहेरी गेली म्हणून कुणी दुसरी करत न्हाई.

गौरम्मा : ऐका! आता भावजींची बायकोच झाले हे.

वीरण्णा : तू मधी बोलू नको. अण्णा, हात घाल इथं, आतून. काय लागतंय?

अण्णाराव : काय न्हाई.

वीरण्णा : तेच की. काय न्हाई! फायबर आतून बांधायचं असतंय. काचेची जाळी ठेवायची, रेझिन पाजायचं, वाळू द्यायचं, मग दुसरी जाळी. असे तीन थर. त्याच्यावर बाहीरून लांबी, म्हंजे पुट्टी भरायची, घासायची, आन मग रंग. ह्या तुझ्या लाडक्यानं भेगंत नुसती लांबी थापली आन वर रंग फवारला. इंजिन तापलं की उघडणारच. वरून कीर्तन, आतून तमाशा!

अण्णाराव : त्याची चूक न्हाई त्यात. त्यो म्हणला होता, काका, दोन दिवस गाडी ठेवा, आतून बांधून देतो. मीच म्हणलं, माल सडंल, आजच काढ.

वीरण्णा : काका म्हणला?

अण्णाराव : मग काय म्हणंल?

वीरण्णा : घे, त्याचीच बाजू घे. पोरगं गोड बोलतंय. दुकानात पंखा असंल, बसायला खुर्ची असंल. माझ्याकडं काय, हा दगड आन गौरम्माचा पाणचट चहा.

गौरम्मा : मग पिऊ नका.

अण्णाराव : वीरण्णा, झालं की आता. माफी मागू का? मागतो. पण काम घे.

वीरण्णा : थांब. आधी त्याची सगळी कारागिरी बघू दे. निळा रंग... जुळवलाय म्हणायचं. डबा बघून कुणीबी जुळवतंय. आन ही काठाची पिवळी रेघ. हीबी त्याचीच ना?

अण्णाराव : रेघंचं सोड तू.

वीरण्णा : सोड कामून? खरा रंगारी रेघंवरच कळतो. थांब, बोटानं मापतो. काठापासून इथं दोन बोटं. इथं... तीन! आन हितं उजव्या अंगाला तर दीडच. अरं, ही रेघ हाय का दारू पिऊन घरी चाललेला माणूस?

गौरम्मा : ऐकलं का, चहा निवतोय तुमचा.

वीरण्णा : निवू दे. नाचता येईना अंगण वाकडं! स्प्रे घेतला, मशीन घेतली, मोबाइलवर फोटो टाकले, पण रेघंला मशीन चालत न्हाई बाबांनो. डोळा लागतो, डोळा! असली रेघ काढून माणूस चार लोकांत तोंड कसं दाखवतो? मी असतो तर ब्रश नदीत फेकून दिला असता.

अण्णाराव : बास कर वीरण्णा.

वीरण्णा : तुला का झोंबलं? आन तू गं, पदर तोंडाला कामून लावलास? हसून राहिलीस का?

गौरम्मा : न्हाई हसत.

वीरण्णा : मग? दोघं एकदम मुके झालात...

(वीरण्णाचं बोट रेघेवरून सरकत उजव्या टोकाला जातं आणि तिथंच थांबतं. तो डोळे मिटून पुन्हा एकदा चाचपतो.)

वीरण्णा : टोकाला मणी हाय.

अण्णाराव : असंल काहीतरी. रंगाचा गोळा.

वीरण्णा : स्प्रेला मणी येत न्हाई अण्णा. रेघ संपली की मी ब्रश दाबून उचलतो. जवारीएवढा मणी राहतो. तीस वर्सांची खोड हाय माझी. ही रेघ माझी हाय.

अण्णाराव : चहा घे आधी.

वीरण्णा : बोल ना. मागच्या पोळ्याला काढली ती.

अण्णाराव : हाव.

वीरण्णा : अशीच होती? पहिल्या दिवसापासून?

अण्णाराव : अशीच होती.

वीरण्णा : मला तर सरळ दिसत होती. तुला दिसत होतं वाकडं?

अण्णाराव : दिसत होतं.

वीरण्णा : आडत बाजारात सगळ्यांना?

अण्णाराव : हमाल लोक हसायचे. मी म्हणायचो, हसा लेकांनो.

वीरण्णा : आन तू वर्सभर तशीच मिरवलीस ती गाडी?

अण्णाराव : तुझी रेघ होती. मी काय करू? त्या शिवमनं इचारलं होतं, काका, ही फुकटात सरळ करून देतो. मी म्हणलं, डावी बाजू कर. रेघंला हात लावू नको.

वीरण्णा : मला सांगायचं न्हाई? लाज राखलीस व्हय माझी? वाकडी म्हणून तोंडावर फेकायची होतीस! बाकीच्यांनी...

गौरम्मा : बाकीचे काय म्हणले न्हाईत. बाकीचे परत आले न्हाईत, एवढंच.

वीरण्णा : म्हंजे वैजनाथ...

गौरम्मा : त्याच्या टेंपोवर 'श्री'ची वेलांटी मागच्या फाटकाबाहेर गेली होती. जीपवाल्यांना हिरवा सांगितला, तुम्ही निळा मारला. त्यांनी तुमचं वय बघून गप नेल्या गाड्या. त्या पोरानं कुणाला पळवलं न्हाई. ते बिचारं तर तुम्हाला वळखतबी न्हाई. शिबिरात डॉक्टरीणबाईंनी तपासलं तवापासून दोन वर्सं सांगून राहिले मी, मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यांत. दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता.

वीरण्णा : भ्याव वाटतं. तुम्हाला काय सांगू? डोळ्याला सुरी लावली आन उलटंच झालं तर? थोडं दिसतंय तवर मी रंगारी हाय. न्हाईतर कोण हाय मी?

अण्णाराव : माझ्या थोरल्या भावाचं केलं. दुसऱ्या दिवशी पेपर वाचून राहिला होता.

वीरण्णा : तुझा भाऊ मास्तर हाय. त्याला कुठं रेघ काढायची हाय!

गौरम्मा : मग नका करू. बसा ह्याच दगडावर त्या पोराला शिव्या देत. मी काय करू, माझं काय चालतंय तुमच्यापुढं?

वीरण्णा : रडू नको. ए, रडू नको म्हणलं ना. ... किती दिवस लागतात?

गौरम्मा : आधी एक डोळा. महिन्यानं दुसरा. तवर धूळ न्हाई, रेझिनचा वास न्हाई, घासणं तर बिलकुल न्हाई. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

वीरण्णा : म्हंजे दोन महिने गेले. ह्याचा तर हंगाम हाय.

अण्णाराव : बॉनेट इथंच ठेवून जातो. गाडी उघडीच चालवतो.

वीरण्णा : दोन महिने? नाक कापल्यावाणी दिसंल.

अण्णाराव : दिसू दे. वरून ताडपत्री बांधतो.

वीरण्णा : लोक इचारतील.

अण्णाराव : सांगीन, आमचा कारागीर डोळे करायला गेलाय.

गौरम्मा : उद्या सकाळीच दवाखान्यात जायचं. मी तयारी करते. आता ना म्हणलात तर मीच ह्या बॉनेटवर दगड घालीन, सांगून ठेवते.

वीरण्णा : जातो बाई, जातो. अण्णा, ही रेघ मीच खरडीन बरं का. परत आल्यावर. कुणी हात लावायचा न्हाई.

अण्णाराव : न्हाई लावत.

वीरण्णा : आन मधी नांदेडचं भाडं लागलं तर?

अण्णाराव : जावं तर लागंल. पोट हाय.

वीरण्णा : जा. जायला काय हरकत न्हाई. पण त्याच्या दुकानावरून जाऊ नको. दुसऱ्या रस्त्यानं जा.