दोन मातीची घरं

डोळ्यांत औषध घालून शिवणवालीला डोळे मिटून बसवलं होतं, त्यामुळे शेजारच्या बाकावरची भाऊ-बहीण तिला नुसती ऐकू येत होती. त्यांची आई आत डॉक्टरांकडे होती.

“आईच्या खिडकीवर दोन मातीची घरं झालीत, दादा. एक कुंभारीण माशीचं, एक पाकोळीचं.”

“माशी हुशार बघ. घर बांधते, अंडं घालते, पिल्लाला पुरतील एवढ्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून मोकळी होते. पाकोळी बसते दिवसभर हेलपाटे घालत, चोचीत एकेक किडा घेऊन.”

“तिची पिल्लं ओरडतात ना.”

“माशीच्या पिल्लाला काय कमी पडतं?”

“काही नाही. आई कशी दिसते, तेवढं त्याला ठाऊक नसतं.”

“मी आलो की तिचा फ्रीज भरूनच जातो हं.”

“जातोस. मागच्या वेळचं अजून तसंच आहे.”

“आणि तू रोज काय नेतेस गं?”

“काही नाही. तिच्यासोबत जेवते.”

दार उघडलं. काठीचा आवाज बाकापाशी येऊन थांबला.

“झालं का, आई?” दादाने विचारलं.

“अरे, तू आहेस अजून? मला वाटलं, गेलास.”