घरी सांगून ठेवा

आणि वर लोक मलाच म्हणतात, लाज नाही वाटली! अहो, लाज वाटली म्हणूनच तर हे सगळं झालं! तुम्हाला सांगतो, इथे घानात, कुमासीत, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून बजावलं होतं... दिवसातून एकच गोळी, दोस्तांना वाटायची नाही, बसमध्ये विकतात त्या मर्दानगीच्या कडू दारूसोबत तर मुळीच नाही, पामफळांच्या तेलकट रश्शात फुफूचे गोळे हाणून वर घेतलीत तर उशिरा लागू पडेल... ‘आणि बोआदू, घरी सांगून ठेवा!’ का? तर छातीत दुखायला लागलं, बोलती बंद झाली, तर गोळी घेतलीय हे इस्पितळात कोण सांगणार? त्यांनी नकळत ती हृदयाची जिभेखालची गोळी दिली, की रक्तदाब पार तळाला! हो हो म्हटलं. पण एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला, आफ्रियेला, सांगू काय? की बाई गं, तुझा नवरा आता...? छे! गोळ्या ठेवल्या शिलाई मशीनच्या खणात.

शनिवारी धीर करून एक घेतली. आंघोळ काय, नवा सदरा काय! तासभर थांबायचं होतं, थांबलो. तर ही काळी वस्त्रं नेसून दारात! ‘मावशीच्या मयताला चाललेय, उद्या येते!’ आता? घरी सांगून ठेवा!

सोमवारी सुई शोधताना हिला पाकीट सापडलं. चारातली एक गायब. ‘शनिवारी मी नव्हते. मग कुणासाठी घेतलीत?’ मी आपला सुई शोधायला लागलो! ही बोचकं बांधून माहेरी.

मग सासरच्या अंगणात बसली बैठक. आमच्यात वडीलधाऱ्यांशी थेट बोलत नाहीत हो, मध्ये एक काठीवाला असतो, त्याच्या कानात सांगायचं, तो मोठ्यांदा सांगतो. मी कुजबुजलो, ‘गोळ्या हिच्यासाठीच होत्या, माझंच अंग साथ देत नाही.’ आणि त्या मेल्यानं काठी आपटली, ‘ऐका हो ऐका! जावईबापूंचा कोंबडा आरवेनासा झालाय!’ अंगण लोटपोट! सासूबाईसुद्धा!

ही तेवढी हसली नाही. जवळ आली, हळूच म्हणाली, ‘एवढंच होतं? माझ्या कानात सांगायचं होतंत ना... त्याच्या का सांगितलंत?’ आणि डोळे पुसत आत गेली. काळीज फाटलं हो माझं. परत आली नाही ती.

काल पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ‘काय बोआदू, घरी सांगितलंत ना?’

म्हटलं, बाई, अख्ख्या कुमासीला सांगून झालं... आता घरीच कुणी नाही.