लांबीचा डबा

सून : तो डबा आधी खाली ठेवा, आई. मग बोलू.

सासू : का? डब्यानं तुझं काय घोडं मारलंय? लांबी आहे, विष नाही. लाकडाची फट बुजवायची.

सून : मी पोरीची सायकल न्यायला आलेय. भांडायला नाही.

सासू : सायकल मागच्या खोलीत आहे. नेऊ देणार नाही, ते वेगळं.

सून : तिची आहे ती.

सासू : म्हणून तर. तू भावाकडे गेलीस तेव्हा आधी कपडे गेले, मग तिची पुस्तकं गेली. आता सायकल गेली की त्या पोरीला इथं यायला काही कारणच उरणार नाही. शाळेत मी नुसती डोकावून आले असेन, पण एवढी वजाबाकी मला येते.

सून : चौकट कुणाची ही?

सासू : ते मास्तर गेले ना, त्यांच्या फोटोची. त्यांची मुलगी येणार आहे पाचला न्यायला.

सून : आणि कोपरा उघडाच ठेवलाय ह्यांनी.

सासू : केसभर.

सून : यातून नाणं जाईल, आई.

सासू : तुझी जीभ जाईल एक वेळ. नाणं नाही जायचं.

सून : त्या समुपदेशनवाल्या बाईंनी काय सांगितलं होतं तुम्हाला? गेला होतात ना ह्यांच्याबरोबर?

सासू : सांगितलं खूप. त्याच्या चुका निस्तरू नका म्हणे. म्हटलं, बाई, आईला दुसरं काम काय असतं? त्याची दुपटी धुतली तेव्हा कुणी हटकलं नाही मला.

सून : आता बेचाळिशी उलटली त्यांची.

सासू : आणि दुखण्याचं नाव काय, तर आत्मप्रीतीचा विकार. स्वतःवरच प्रेम. हा जर आजार असेल, तर निम्मा गाव आजारी आहे. तुझ्या भावाला आधी ने तिथं.

सून : मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. चांगलं घमेंडखोर म्हणता येत होतं, त्याला नाव कशाला हवं? पण बाई म्हणाल्या, मिजास सगळ्यांनाच असते, ती कुठंतरी थांबते. ह्यांची थांबूच शकत नाही, कारण खाली प्रेमबिम काही नाही. भीती आहे. आपण विकतो ना ती भुशाची पट्टी, वरून सोनेरी? ओल लागली की फुगते आणि मग हातात भुगा येतो. मला तरी असंच समजलं.

सासू : ते बाकी खरं. एक शब्द कमी-जास्त झाला की दोन दिवस भिंतीकडे तोंड. मग गोळी द्यावी की एखादी.

सून : याला गोळी नाही. मध्यंतरी झोप उडाली होती, तेव्हा डॉक्टरांनी दिल्या, त्या झोपेसाठी. मूळ दुखण्यावर बोलणं, ऐकणं, परत बोलणं. वर्षं जातात. पुष्कळ जण अर्ध्यातच उठून येतात. हे नाही का, दोन ठिकाणांहून उठून आले?

सासू : एकाच्या भिंतीवरची फ्रेम तिरकी होती म्हणाला. दुसऱ्याची कुवत नव्हती.

सून : फ्रेम या बाईंचीही तिरकीच आहे. हे सरळ करायला उठले, तर त्या म्हणाल्या, असू दे तिरकी, तुम्ही बसा. घरी येऊन किती तणतणले. तेव्हा होते मी इथं. पण पुढच्या बुधवारी परत गेले.

सासू : बघ. अजूनही जातोय. कुठली बाई एवढ्यावर घर सोडते?

सून : दुखणं कळलं म्हणून माझं दुखायचं थांबत नाही, आई. बाई मलाही म्हणाल्या, समजून घ्या, पण म्हणून सगळं सोसू नका. पोरीच्या चित्राला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं, ह्यांनी हौसेनं फ्रेम केली. खाली पितळी पट्टी कुणाच्या नावाची?

सासू : त्याच्या.

सून : केवढी?

सासू : बघितलीय मी.

सून : पोर रडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, आता मी चित्रं लपवून काढते.

सासू : हे नव्हतं मला माहीत. पट्टी बघितली होती. लपवायचं नव्हतं माहीत.

सून : आता कळलं ना?

सासू : तू तुझ्या सासऱ्यांना बघितलं नाहीस, म्हणून बोलतेस. चौकट झाली की कोपऱ्यावर नख फिरवायचे. नख अडकलं की आपटलीच ती, गिऱ्हाइकासमोर. हा पंधरा वर्षांचा होता. एकदा तसंच झालं, तर माळ्यावर जाऊन बसला. जेवेना, बोलेना. खाली उतरला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं पोराचं. त्यानंतर मी नख अडकू दिलं नाही. एवढंच.

सून : एवढंच?

सासू : तुझे सासरे जाताना म्हणाले, पोराचा हात सुधारला. सुखानं गेले.

सून : आणि लांबी सुटून फ्रेम परत आली की?

सासू : की पट्टी ओली होती.

सून : नाहीतर करवत बोथट होती. नाहीतर बायकोनं हात लावला होता. चार माणसांत माझा उद्धार व्हायचा, आणि तुम्ही याच स्टुलावर बसून सुपारी कातरत बसावं तशा खिळे मोजत बसायचात.

सासू : डबा मात्र बरकतीचा हं. इतकी वर्षं खरवडतेय, तळ काही लागत नाही.

सून : विषय बदलू नका. भरायची तर भरा. मी सायकल घेते आणि परत या दारात येत नाही. नाही भरलीत, तरी येईनच असं नाही. खोटं कशाला बोलू?

सासू : हा कसला सौदा? दोन्हीकडून मीच नागवले.

सून : सौदा नाहीच हा.

सासू : टेकू काढला तर कोसळेल गं तो.

सून : कोसळतील. बुधवारी त्या बाई आहेत. माळ्यावर जाऊन बसले तर जेवायला हाक मारा, ताट वाढा. कोपरे नका भरू.

सासू : हाक मारायला काही शिकावं लागत नाही मला. घे, झाकण लाव याचं. माझी बोटं आखडलीत.

(सुनेनं झाकण तळव्यानं दाबून घट्ट बसवलं. नवऱ्याच्या मयतीतही न वाकलेली म्हातारीची मान जराशी खाली झाली. ती फडक्याला हात पुसत राहिली, पुसायला काही उरलं नव्हतं तरी. तेवढ्यात दुकानाचं दार वाजलं आणि म्हातारीचा मुलगा, फ्रेमवाला, आत आला.)

फ्रेमवाला : अरे वा. मालकीणबाई. बाहेर चप्पल दिसली तेव्हाच म्हटलं, शेवटी आलीच. करमत नाही ना माझ्याशिवाय?

सून : सायकल न्यायला आले.

फ्रेमवाला : ने की. निवड माझी होती म्हणून, नाहीतर या रस्त्यावर तसली सायकल दाखव दुसरी. आई, मास्तरांची चौकट बांधून ठेवलीस?

सासू : ती काय तिथं. बघ.

फ्रेमवाला : माझ्या हातची आहे, बघायचं काय त्यात?

सासू : नख फिरव.

फ्रेमवाला : काय?

सासू : बाप फिरवायचा ना तुझा, तसं. कोपऱ्यावरून फिरव.

फ्रेमवाला : अडकतंय.

सासू : हं.

फ्रेमवाला : पट्टी ओली असणार. नाहीतर हिनं हात लावला. लावलास ना तू?

सासू : तिनं झाकण लावलं. डब्याचं.

फ्रेमवाला : म्हणजे आज भरली नाहीस.

सासू : तुला ठाऊक होतं?

फ्रेमवाला : डबा संपत आला की नवा कोण आणून ठेवत होतं, आई?

सासू : मी आपली बरकत समजत होते.

फ्रेमवाला : बघू नका दोघी माझ्याकडे अशा.

सून : नाही बघत.

फ्रेमवाला : ती मुलगी येईल आता. काय सांगू तिला?

सासू : ते तुझं तू बघ बाबा. मी दमले. सूनबाई, मागच्या खोलीतून पंप आण. चाकं मऊ पडलीत, पोर कशी चालवेल?

सून : नेऊ म्हणताय?

सासू : तिची आहे ना? मग ने. थांब जरा, आवाज करू नकोस. तो फोन लावतोय.

फ्रेमवाला : हॅलो. हो, फ्रेमवालाच बोलतोय. तुमच्या वडिलांची चौकट आज नाही मिळायची. उद्या या. कोपरा परत कापायचाय. काय म्हणालात? नाही. नाही, पट्टी चांगली होती.