नूरीनच्या हातचा पालक-पाय

पल्लवी: चाची, म्या जायफळ घातलंच न्हाई.

सलिमा: मग वास कसला येतोय?

पल्लवी: त्येच तर म्हणते. पांढरा सॉस केला, मीठ घातलं, मिरी घातली. जायफळ घरात हाय का तरी?

सलिमा: नाही. नूरी गेल्यापासून या घरात जायफळ आलेलं नाही. तो डबा बघ, रिकामाच आहे.

पल्लवी: मग वं?

सलिमा: मग काय? घालणारीनं घातलं.

पल्लवी: आवं, असं नगा बोलू. अंगावर काटा येतो माज्या.

सलिमा: काटा कशाला येतो? माझीच मुलगी आहे ती. तुला काय करणार आहे? याच ओव्हनपाशी उभी असायची सकाळपासून. तू पालक पिळ. पाणी राहिलं तर खालचा मैदा ओला होईल.

पल्लवी: पिळते. चाची, आज सिद्धू येनार हाय.

सलिमा: भाऊ तुझा? येऊ दे की. चहा करू त्याला.

पल्लवी: न्यायला येनार हाय. भिलारच्या मळ्यातलं स्ट्रॉबेरीचं काम सपलं. आमच्या जतची समदी मानसं गावाकडं निगाली. म्याबी जानार.

सलिमा: जाऊन ये. दोन दिवस राहा.

पल्लवी: परत न्हाई यायची, चाची. तुमास्नी परवाच सांगितलं हुतं.

सलिमा: शनिवारी बोर्डिंग शाळेतल्या पोरांचे आईबाप येणार आहेत भेटायला. सगळ्यांनी पालक-पायची ऑर्डर दिलीय. आणि तू आज हे सांगतेस?

पल्लवी: तुमी ऐकूनच घेतलं न्हाई तवा.

सलिमा: काय कमी पडलं तुला इथं? मळ्यात वाकून वाकून कंबर मोडत होती तुझी. मी घरी आणलं. नूरीची खोली दिली. तिचे कपडे दिले. केससुद्धा तिच्यासारखे कापून आणले, किती छान दिसतात.

पल्लवी: त्येच की वं, चाची.

सलिमा: काय तेच?

पल्लवी: अव्वाचा फोन आलता. माज्या आईचा. म्या बोलले, बरी हाईस का, पानी आलं का गावात. तर ती म्हणाली, ‘ताई, जरा आमच्या पल्लवीला द्या की फोन.’

सलिमा: आवाज कापत असेल. इथं रेंज कुठं धड असते?

पल्लवी: म्या म्हणलं, अव्वा, म्याच हाय. तर म्हणाली, ‘मस्करी करू नगा ताई, लांबनं फोन केलाय, पोरीला बोलवा.’ मागनं सिद्धूनं फोन करून समजावलं तवा कुटं गप झाली. लय रडली. म्हणाली, माजी पोर कुनाच्या घरात ठिवलीस?

सलिमा: बाई घाबरट आहे जरा.

पल्लवी: मेंढरं घिऊन रानारानानं हिंडलेली बाई हाय ती. लांडग्याला भ्याली न्हाई. मला भ्याली.

सलिमा: बरं. ते राहू दे. मैद्याचा गोळा काढ फ्रिजमधून.

पल्लवी: काढलाय. आनि ही कड बघा. कालच्या पायची. वेणी घातल्यावानी. ही मला कुनी शिकवली? तुमी?

सलिमा: मला कुठं येते? मला हा पायच येत नाही. नूरी पुण्याला शिकायला गेली, तिथून ती घेऊन आली हे सगळं. मी आपली भाकरी आणि सालनवाली.

पल्लवी: चाचांनी?

सलिमा: चाचा वाईहून पालक आणतात, तेवढंच.

पल्लवी: मग कुनी?

सलिमा: मी त्याच दिवशी ओळखलं. तू पहिल्यांदा केलास ना, तेव्हा. मी नुसतं सांगितलं होतं, मैदा, लोणी, पालक, चीज. तू तर चीज म्हणजे काय तेही पाहिलं नव्हतंस.

पल्लवी: साबन वाटला मला. आनि पाय म्हणल्यावर हसले हुते. पालकाला पाय कुटनं आलं म्हणून.

सलिमा: आणि बाहेर काय काढलंस? तेच पापुद्रे, तीच वेणी. मी एक घास खाल्ला. म्हटलं, या अल्लाह, आली. घरी आली माझी पोरगी.

पल्लवी: म्या नूरीनताईला कवा बघितलंबी न्हाई, चाची. त्या मागच्या पावसाळ्यात गेल्या. म्या दिवाळीनंतर आले.

सलिमा: म्हणून तर. कुणी शिकवलं नाही, कुणी दाखवलं नाही. बरं, बोलू नको आता. लाट. तू लाटताना मला बघू दे.

पल्लवी: बघा. पन सिद्धू आला की म्या जानार.

सलिमा: हो. लाट तू. सावकाश.

पल्लवी: मऊ पडाय लागलाय गोळा. हाताला चिकाटतोय.

सलिमा: लाव की मैदा वरून.

पल्लवी: मैदा नको. ऊन येतंय. अम्मी, खिडकी लावून घे ना.

सलिमा: लावते बेटा. लावली बघ.

पल्लवी: आणि चहाचं पातेलं उतरव इथून. लोणी वितळलं की पापुद्रे सुटत नाहीत. किती वेळा सांगायचं तुला?

सलिमा: उतरवलं. चुकलं माझं. नूरी?

पल्लवी: हं?

सलिमा: तू आहेस ना?

पल्लवी: इथंच तर आहे. कुठं जाणार?

सलिमा: एक विचारू? रागावणार नाहीस ना? त्या दिवशी पसरणी घाटात... फार लागलं का गं तुला?

पल्लवी: काही दिसतच नव्हतं, अम्मी. सगळं पांढरं. पालकाची पिशवी स्कूटीवर पायाशी ठेवली होती. वळणावर ती घसरली. मी खाली बघितलं.

सलिमा: आणि?

पल्लवी: आणि वर बघितलंच नाही.

सलिमा: मी म्हटलं होतं ना, धुकं जाऊ दे. पालक काय, उद्यासुद्धा मिळाला असता.

पल्लवी: अम्मी, थंडी वाजतेय.

सलिमा: ये. इकडं ये, ओव्हनपाशी. हात दे. असा धर, आत धर, गरम आहे बघ. अजून वाजतेय?

पल्लवी: वाजतेय.

सलिमा: अजून जवळ ये. मी आहे. मी सोडत नाही तुला आता.

लियाकत: सलिमा! सोड तिचा हात!

सलिमा: थांबा हो, ती बोलतेय.

लियाकत: सोड म्हणतो ना! ओव्हनच्या दाराला टेकलाय हात तिचा. कातडी बघ! पोरी, ए पोरी, इकडं बघ माझ्याकडं.

पल्लवी: चाचा? तुमी कवा आलासा? आई गं! हात! चाचा, माजा हात!

लियाकत: नळाखाली धर. पाणी सोडलंय. धरून ठेव, काढू नकोस.

पल्लवी: म्या तर तिकडं लाटत हुते. ओव्हनपाशी कवा गेले? चाची? तुमी रडताय का? म्या काय बोलले का?

लियाकत: काही नाही बोललीस. पाण्याखाली धर हात.

सलिमा: बोलली. तुम्ही ऐकलंत ना? पिशवी घसरली म्हणाली. हे कुणाला माहीत होतं? समोरून आलेल्या ट्रकवाल्याला नाही, पोलिसांना नाही. आपण रोज विचार करत होतो, रोजचा रस्ता, एवढी सांभाळून चालवणारी पोर, वळणावर सरळ गेली कशी.

लियाकत: ऐकलं मी. दारातच उभा होतो.

सलिमा: आणि तरी गप्प होता?

लियाकत: मलाही ऐकायचं होतं, सलिमा. तिचा आवाज होता तो. मी बाप आहे, मला कळत नाही होय? हिचा हात दिसला म्हणून आत आलो, नाहीतर मीही ऐकत राहिलो असतो.

सलिमा: मग हिला जाऊ द्यायचं नाही. समजावा तुम्ही हिच्या भावाला.

लियाकत: सिद्धू बाहेर उभा आहे. मीच घेऊन आलोय त्याला स्टँडवरून. ही आज जाणार.

सलिमा: ऐकूनसुद्धा पाठवताय?

लियाकत: ऐकलं म्हणूनच पाठवतोय. बोलली नूरी असेल, भाजला कुणाचा हात? बघ ना तिच्याकडं. नूरीला मी माझ्या हातानं मातीत ठेवली. हिची आई जिवंत आहे. ती फोनवर आपली पोर शोधतेय.

सलिमा: एकदाच. अजून एकदाच बोलू द्या मला. मी तिला निघताना नीट बघितलंसुद्धा नव्हतं. पाठ करून भांडी घासत होते.

लियाकत: एकदा झालं की पुन्हा एकदा पाहिजे. मला माहीत आहे. मलासुद्धा पाहिजे.

पल्लवी: चाची.

सलिमा: काय बेटा?

पल्लवी: माजं नाव घ्या की.

सलिमा: घेते की. बेटा...

पल्लवी: बेटा न्हाई. नाव. लय दिवस झालं, तुमी माजं नाव घेतलं न्हाई. पयलं पल्लवी म्हणायचा. मग पोरी म्हणाय लागला. मग बेटा. आता तर झोपंत नूरी म्हणून हाक आली की म्याच ‘ओ’ देते. मला भ्या वाटतं, चाची. एक दिस ‘ओ’ दिऊन म्या परत यायचीच न्हाई.

सलिमा: असं नको बोलू.

पल्लवी: तुमच्या पोरीवर माजा राग न्हाई. लय गुनाची असंल ती. तिच्या हातचं मला आयतं मिळालं. पन माजं बी काय तरी असंल की. घ्या नाव.

सलिमा: नू...

लियाकत: सलिमा.

सलिमा: जड झालंय हो. जीभ वळत नाही.

पल्लवी: म्या थांबते.

सलिमा: पल्लवी.

पल्लवी: व्हय, चाची.

सलिमा: पल्लवी, आत कपाटात भाजल्यावरचं मलम आहे. लावल्याशिवाय जाऊ नको.

पल्लवी: लावते. आनि माजा जुना डिरेस कुटं हाय?

सलिमा: पेटीत. धुऊन ठेवलाय. हिरवा ना?

पल्लवी: निळा.

सलिमा: हां. निळा. जा, बदल. आणि हे... हा पाय अर्धाच राहिला. एवढा ओव्हनमध्ये ठेवून जातेस?

पल्लवी: न्हाई, चाची. कड राहिलीय, ती तुमी दाबा. तुमीच ठिवा.

(संध्याकाळ. लियाकत स्टँडवरून एकटाच परत आला आहे.)

सलिमा: मिळाली बस?

लियाकत: साताऱ्याची मिळाली. बसायला जागाही मिळाली. तिथून सांगली, मग जत. उजाडेल पोचायला.

सलिमा: हात कसा होता?

लियाकत: फोड आलाय. दुखतोय म्हणाली. दुखतोय म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं.

सलिमा: माझ्याविषयी काही म्हणाली?

लियाकत: नाही. गाडी हलली तसा भावाकडून फोन घेतला. खिडकी उघडी होती. ‘अव्वा’ म्हणाली. पलीकडून काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. पण हसली. आणि मग रडायलाच लागली.

सलिमा: ओळखलं असेल.

लियाकत: ओळखलं असेल.

सलिमा: मी इथंच बसले होते. खोटं कशाला बोलू? तुम्ही गेल्यावर हाका मारल्या मी. ओव्हनपाशी उभी राहून. नूरी, थंडी वाजते का गं. नूरी, अम्मीवर रागावलीस का.

लियाकत: मग?

सलिमा: काही नाही. फ्रिजचा आवाज तेवढा येत होता.

लियाकत: बरं. पायचं काय झालं?

सलिमा: भाजला. वरून करपलाय जरा. कधी काढायचा ते कळलं नाही.

लियाकत: आण इकडं. सुरी पण आण.

सलिमा: तुम्ही खाणार? इतके महिने नुसता वास घेऊन बाहेर जात होता.

लियाकत: भीती वाटायची. चव तीच लागली तर पुढं काय करायचं?

सलिमा: घ्या. सावकाश. आतलं चीज अजून गरम आहे.

लियाकत: हं.

सलिमा: बोला ना. कसा आहे?

लियाकत: मीठ जास्त झालंय. पालकात पाणी राहिलंय. खालचा मैदा कच्चा आहे.

सलिमा: नूरीचा नाही?

लियाकत: नाही.

सलिमा: बघू. मला पण द्या. हं. नाही. तिचा नाहीच.

लियाकत: तिनं पहिल्यांदा केला होता आठवतं? मी म्हटलं, आपल्यात पाया म्हणजे बकऱ्याचा. त्यात पालक कुठून आला? ट्रे हातात घेऊन हसत बसली होती. इथंच, जमिनीवर.

सलिमा: आठवतं. ट्रे वाकडा झाला आणि तुमच्या लेंग्यावर सांडलं सगळं.

लियाकत: तो डाग गेला नाही अजून.

सलिमा: घ्या अजून. एवढा कोण खाणार? आता आपण दोघंच.

लियाकत: उद्या सकाळी खाऊ.

सलिमा: शनिवारची ऑर्डर नाही म्हणून सांगते शाळेत. आपल्यापुरता करत जाईन. दोघांपुरता. छोटा.

लियाकत: कर की.

सलिमा: मला येत नाही हो.

लियाकत: मग शीक.

सलिमा: कुणाकडून?