हात राखू नको

अगं फिरव, फिरव की, हात राखू नको! असा मी वरडलो, आन् काय सांगू तुमाला, माझा आवाज म्हंजे जुळे सोलापुरात वरडलो तर सांगोल्यातली शेरडं कान टवकारत्यात, पर समोर बॅट घिऊन हुबी असलेली कोमल काय ऐकंना. राज्याच्या संघाची निवड चाललेली. चेंडू आला, बॅट झकास निघाली आन् चेंडूपाशी येऊन थांबली. नुसती टेकली. चेंडू पायाशी पडला, मेल्या चिमणीवानी.

मी मूळचा मैंदर्गीचा. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, शिव्या दोन्हीतनं, त्यामुळं गळा पहिल्यापासनं तयार. हितं सोलापुरात शाळेत खेळाचा मास्तर झालो आन् बेसबॉलच्या नादी लागलो. लोक इचारायचे, सर, ह्यो क्रिकेटचा सावत्र भाऊ का? एकदा मी असा टोला हाणलेला की चेंडू हायवेवरच्या ट्रकात पडला आन् हैदराबादला उतरला, ड्रायव्हरचा फोन आलता, ह्यो कुणाचा म्हणून. हसताय व्हय? हसा.

पर पोरांची बॅट सुदरवायची म्हनलं की मी थाप मारत न्हाय. क्रिकेटची सवय लागलेलं पोरगं बॅट वरनं सरळ खाली आणतंय, त्याला आडवी फिरवायला शिकवायचं. कुणाचा मागचा पाय मेखंसारखा रुतून बसतोय, त्याला म्हनायचं, चवड्याखाली बिडी हाय समज, मुरगळून विझव, मग कंबर आपसूक फिरती. त्या बिडीवरनं एका आईनं मला मैदानातच झापलं, माझ्या लेकराला काय शिकवताय म्हणून.

कोमलचं दुखणं न्यारं. पाय बरोबर, कंबर बरोबर, नजर तर घारीची, नेमका चेंडूला लागायच्या वक्ताला हात आखडायचा. सांगोल्याकडची मेंढपाळाची पोर, हितं मामाकडं राहून कॉलेज करायची. मी लिंबाला टायर टांगलं, म्हनलं बदड. टायरापाशी पन बॅट थांबायची. शेवटी म्हनलं, बाई गं, कुणाला लागंल म्हणून भितीस? तर म्हनली, सर, मेंढराला लागंल की. बापानं लहानपणापासनं हेच शिकवलेलं, काठी जोरात उगारायची, अंगाला टेकवायची, पर मारायची न्हाय. ते हातात मुरलेलं, डोक्याला सांगून काय उपेग.

बाप एकदा मैदानावर आला, डोक्याला पटका, हात जोडून म्हनला, सर, राज्याच्या संघात आली तर शिकू दे अजून, न्हाय आली तर पाहुणं वाट बगत बसल्यात. कोमल बाजूला हुबी, बुटाच्या टोकानं माती उकरत. मग मी तिच्या मागंच लागलो. टायर, टायर, रोज टायर. टायराच्या पलीकडं मार, हात पार खांद्यावरनं मागं जाऊ दे, राखू नको. उन्हाळाभर तेच. आन् एक दिस टायर असं भिरभिरलं की लिंबावरचे कावळे उडाले ते अक्कलकोटात जाऊन बसले. कोमल हसली, मी तर नाचलोच की वो.

निवडीच्या आदी गावाकडं जाऊन येते म्हनली. आली ती टायराकडं फिरकलीच न्हाय. मला वाटलं, घाबरलीय. निवडीत काय झालं ते सांगितलंच, आन् एका चेंडूला न्हाय, दर चेंडूला तेच. निवडणारे म्हनले, पोरीत जोर न्हाय. जोर न्हाय! मी तितंच दोन्ही भाषा काढल्या. तिनं बॅट पिशवीत घातली आन् गेली.

परवा तिच्या हळदीला गेलतो. बापानं मला मांडवाच्या कडंला नेलं, म्हनला, सर, तुमाला ठावं न्हाय व्हय? निवडीच्या आदी आलती तवा एक मेंढी शेजारच्या डाळिंबात घुसाय लागली. कोमलनं काठी फिरवली, ती काठी थांबलीच न्हाय. कंबरड्यात बसली. मेंढी तितंच आडवी, परत उठली न्हाय. मी फकस्त काठी तिच्या हातातनं काडून घेतली सर.

मी तसाच तिच्यापाशी गेलो. पाटावर बसलेली, हळदीचे हात गुडघ्यावर पालथे. म्हनलं, कोमल, एका मेंढीपायी गं? मला सांगितलं असतंस तर सांगोल्याच्या बाजारातनं अख्खा कळप आणून तुज्या दारात बांदला असता.

तिनं हाताकडं बगितलं.

गाभण होती सर, म्हनली.